झोळीचं वजन

१२ जानेवारी २०२५, रविवार

आधी तब्येती. तीस वर्षं अंगणवाडीच्या दारात उभी राहून एकेका लेकराला विचारलं — नाक वाहतं का, पोट दुखतं का, काल जेवलास का — ती सवय कागदावरही जात नाही.

धम्मदीपचा खोकला कसा आहे? आहे तसाच. जिनिंगमधला कापूस छातीत बसतो. गोळी घे म्हटलं की माझा मुलगा हो म्हणतो आणि घेत नाही. सूनबाईची कंबर? दीपमालानं काल गव्हाचं पोतं एकटीनं सरकवलं म्हणजे बरी असणार, मग भांडी घासतानाच काहून दुखते? लेक माया? अंजनगाव सुर्जीला तलाठी आहे, फोनवर आवाज बसलेला. दिवसभर लोकांशी बोलावं लागतं म्हणे. माझे मालक बुधाजी, त्यांचं विचारायचं कारण उरलं नाही, जाऊन सहा वर्षं झाली. फोटो पुसताना तरी विचारतेच. माझे गुडघे — त्यांचं त्यांनाच विचारा.

अकोल्याहून कोणी बाई येणार आहे, सरपंचाचा निरोप आला. जुन्या अंगणवाडीबद्दल विचारायचं आहे म्हणे. पंचवीस वर्षांनी आमची आठवण! हिरवं लुगडं काढून ठेवलं आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आली. बाई कसली, पोरगीच. वर्षाली नाव, पाठीवर दप्तर, एका संस्थेत अभ्यासाचं काम करते. मला आजी म्हणाली. चहा प्याली आणि कपबशी स्वतः विसळली.

दप्तरातून झेरॉक्स काढले. पाहते तर काय — माझं अक्षर! नव्याण्णव ते दोन हजार एकचं वजनाचं रजिस्टर. मी मदतनीस. लिहायचं काम सेविकेचं, पण सेविका नीलमताई अकोल्याच्या जुन्या शहरात राहायची, आठवड्यातून दोनदा यायची, सह्या करायची, जायची. म्हणून स्वयंपाक मी, वजन मी, रजिस्टर मी. दुसरीतून शाळा सुटलेली बाई मी, भिंतीवरच्या तक्त्यावर आकडे शिकले आणि या रजिस्टरावर अक्षर शिकले.

वर्षालीनं नीट समजावून सांगितलं. पहिल्या तीन वर्षांत लेकराच्या पोटात जे पडतं, त्याच्याशी जे बोललं-खेळलं जातं, ते जन्मभर पुरतं. उंची, डोकं, शाळा, पुढे हाताला मिळणारं काम. परदेशात हे दाखवून झालं आहे, तिला इथं दाखवायचं आहे. रजिस्टरातली सत्तावीस लेकरं आता पंचविशीची झाली. त्या सगळ्यांना शोधायचं, मोजायचं, आणि लहानपणच्या वजनाशी ताडून पाहायचं. फायदा दिसला तर एक मोठी संस्था या तालुक्यातल्या तीन वर्षांखालच्या प्रत्येक लेकराला रोज एक अंडं आणि कपभर दूध देणार. दहा वर्षं!

"सगळ्या गावांत तुमचंच रजिस्टर नीट आहे आजी," म्हणाली. "एका महिन्याचाही खाडा नाही."

मान ताठ झाली माझी. थोडा वेळ.

१६ जानेवारी

सत्तावीस लेकरं. त्यांत एकाचंच वजन खरं आहे.

१९ जानेवारी, रविवार

लिहूनच टाकते.

काटा लटकता होता. घड्याळासारखा गोल, वर कडी, खाली आकडा. आकड्याला कापडाची झोळी, झोळीत लेकरू. आधी रिकामी झोळी अडकवायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग लेकरू ठेवायचं. एवढंच शिकायचं होतं मला.

दोन हजार सालच्या नागपंचमीच्या आगेमागे मैनाबाई नातीला घेऊन आली. खुशालरावांची बायको, मोठं घर, काळी जमीन. त्यांच्या घरचं कोणी माझ्या हातची खिचडी खात नसे, लेकरालाही खाऊ देत नसत. वजनाला मात्र यायचे, कोरडी सुकडी, सरकारी पौष्टिक पीठ, घरी न्यायचे. मागच्या महिन्यात नात, आकांक्षा, तिसऱ्या श्रेणीत निघाली होती. चार श्रेण्या असायच्या, जितका आकडा मोठा तितकं लेकरू खंगलेलं. आणि मैनाबाईनं तिथंच, सगळ्या बायांसमोर, सुनेच्या तोंडात मारली होती. "दूध हाय का पानी तुह्या अंगात?"

या खेपेला सून दाराबाहेरच उभी. दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळत होती. ते हात पाहता पाहता मी झोळी शून्यावर आणायची विसरले. लेकरू ठेवलं. काटा सहाच्या पुढे गेला. मैनाबाई हसली. सून पदरात तोंड घालून रडली — यावेळी सुखानं.

झोळी तीनशे ग्रॅमची. चूक तिथंच कळली होती. मी बोलले नाही.

पुढच्या महिन्यात विसरले नाही. मुद्दाम केलं. तीनशेचे पाचशे झाले, मग सातशे. मग सगळ्याच लेकरांचं वाढवलं, नाहीतर एकटीचं डोळ्यांवर आलं असतं. घरोघरी सुना होत्या, घरोघरी सासवा होत्या. बाया म्हणायच्या, दुर्गाबाईचा हात चांगला, लेकरू भरते. नीलमताई खूश, तिच्या वरच्या बाई खूश, गावात तिसरी श्रेणी उरलीच नाही!

खरं म्हणजे नऊ लेकरं होती तिसऱ्या श्रेणीची. नऊ. तिसरीला दुप्पट सुकडी मिळायची, डॉक्टर तपासायचा. माझ्या लिहिण्यानं ती दुसरीत गेली. दुसरीला एकपट. डॉक्टर नाही.

आणि माया. माझं शेंडेफळ, आकांक्षाहून वीस दिवसांनी मोठी. तिच्या वेळेला झोळी शून्यावर आणली. दर महिन्याला. मला मारणारं कोणी नव्हतं, सासू आधीच गेली होती. खरं वजन लिहिलं, तिसरी श्रेणी लिहिली, दुप्पट सुकडी घरी आणली, गूळ घालून भरवली.

म्हणजे तिसऱ्या श्रेणीचं काय होतं, ते मला ठाऊक होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

ग्रामपंचायतीच्या हॉलात मोजमाप झालं. चहा मी केला.

कुंदनला — बार्शीटाकळीच्या बाजारात हमाली करतो, पाठ आतापासूनच वाकली — रंगीत ठोकळे दिले. कागदावर जसं चित्र आहे तसं जुळवायचं. खिडकीत अर्धं गाव. कोणीतरी ओरडलं, "कुंद्या, बांध लेका! तुले घरकुल मंजूर झालं!" हशा. कुंदनही हसला. ठोकळे जुळले नाहीत, मोठे मोठे हात मांडीखाली घेऊन बसला.

मग आकांक्षा. नवऱ्यानं दीड वर्षात माहेरी आणून सोडली, डोकं कमी आहे म्हणून. आई-बाप गेल्यापासून आजीजवळ, मैनाबाईजवळच राहते. मांडीवर नऊ महिन्यांची पोर, तोंडात अंगठा. वर्षालीनं आकडे सांगितले, तीन, आठ, एक. हे उलटे म्हणायचे. आकांक्षा विचार करत बसली. खिडकीतून मैनाबाईचा आवाज आला, "तिले सरळ येत नाई, उलटं काय येते! त्यानं उगाच नाई सोडली." पुन्हा हशा. आकांक्षाही त्यात हसली, सगळे हसतात म्हणून. मग वर्षालीकडे वाकून हळूच म्हणाली, "ताई, मले उलटं नाई येत. सरळ सांगू का?"

उंची एकशे एकेचाळीस. भिंतीशी उभी केली तेव्हा टाचा उचलत होती बिचारी. वर्षालीनं हातानं खाली दाबल्या.

तपासणी झाल्यावर प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळाला. आकांक्षानं विचारलं, नापास झालेल्याले पण हाय का?

३ फेब्रुवारी

ती नऊ नावं मला पाठ आहेत. सरळ आणि उलटी.

१६ फेब्रुवारी, रविवार

माया आली होती. वर्षालीनं घरीच तिचं मोजमाप केलं. उंची एकशे एकसष्ट. ठोकळे वर्षालीचं बोलणं संपायच्या आत जुळले. सात आकडे उलटे सांगितले, तेही शेंगा फोडता फोडता.

दीपमाला म्हणाली, आमच्या नणदबाई जलमल्या तवापासूनच हुशार. वर्षालीनं विचारलं, "आजी, हिला खाऊ काय घातलं?" मी म्हटलं, सुकडी. सगळे हसले. माया सगळ्यांत जास्त.

मी शेंगांची टरफलं गोळा करत बसले.

९ मार्च, रविवार

वर्षालीचा चेहरा उतरलेला. सगळी बेरीज-वजाबाकी झाली म्हणाली. फायदा दिसत नाही.

कसं ते तिनं सांगितलं आणि मला प्रत्येक शब्द आधीच ठाऊक होता. रजिस्टराप्रमाणे गावातली लेकरं लहानपणी बरी होती, दुसरी श्रेणी, पहिली श्रेणी. तीच पुढे खुजी निघाली, शाळा पाचवी-सातवीत सुटल्या, मजुरीला लागली. तिसऱ्या श्रेणीची अख्ख्या गावात एकच मुलगी, आणि ती तलाठी! तिला दुप्पट आहार मिळाला हे खरं, पण एकटीवरून काही ठरवता येत नाही. म्हणजे लहानपणच्या वजनाचा पुढच्या आयुष्याशी संबंध लागत नाही. असंच लिहावं लागेल. "लेकरं भरली होती आजी, तरी काही उपयोग नाही झाला," म्हणाली. मग अंडं-दूध या तालुक्याला कशाला कोण देईल?

ही पोरगी गेलं वर्षभर एसटीनं फिरते आहे. पायाला फोड आहेत तिच्या. मी तिला तेल दिलं.

तेल दिलं! सांगायचं सोडून.

१० मार्च

आकांक्षा दुपारी आली, पोर काखेत. अंगणवाडीत आता आकड्यांचा काटा आहे, खोटं बोलत नाही. पाच किलो नऊशे. दहा महिन्यांची. आईच्या वेळेला जो आकडा होता जवळपास तोच.

पोरीच्या मांडीची कातडी सैल आहे. बोटानं उचलली तर परत बसायला वेळ लागतो. माझ्या बोटानं हे पंचवीस वर्षांपूर्वी पण केलं होतं.

आकांक्षानं विचारलं, ते अंडं-दूध कवा चालू होते, आजी? मी म्हटलं, पाहू.

हिच्यासाठी सांगावंच लागेल.

१८ मार्च, मंगळवार

अकोल्याला जाऊन आले. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात नीलमताईचं घर विचारत गेले. गल्ली तीच, पायऱ्या तेवढ्या उंच झाल्या — का गुडघे. नीलमताईची साखर वाढलेली, एका डोळ्यानं दिसत नाही. तरी मला आवाजावरून ओळखलं. पोहे केले तिनं माझ्यासाठी. मग मी काम सांगितलं — दोघींनी मिळून एक कागद लिहून देऊ, की वजनं वाढवलेली होती. तुमची सही असली तर वर्षालीच्या संस्थेला पटेल.

नीलमताईनं ताट बाजूला ठेवलं. "काटा तुह्या हातात. अक्षर तुह्यं. मी तं फक्त सही करत होती. मले काय मालूम?"

मी म्हटलं, तुम्हाला मालूम होतं. तुम्हीच एकदा म्हणाल्या होत्या, दुर्गा, अजून शंभर टाक, बैठक आहे.

दिसणाऱ्या डोळ्यानं तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी पेन्शन नाही, मुलाच्या घरी राहते, सून बोलत नाही, आता मरताना मला चोर ठरवायला आलीस का, असं बरंच बोलली. मग शेवटी, "आणि तुही पोरगी? तिचं वजन काहून नाई वाढवलं?"

मी चपला घालेपर्यंत ती पोहे डब्यात भरत होती. वाटेत खा म्हणाली. मी घेतले. एसटीत खाल्लेही. भूक लागली होती.

२३ मार्च, रविवार

मायाला फोनवर सांगितलं. सगळं.

मग साहेबिणीच्या आवाजात सुरू झाली. आई, नोंद बदलायची तर पुरावा लागतो. माझ्याकडे रोज माणसं येतात, आमच्या बापाचं नाव चुकून गेलं, आमचं शेत चुकून त्याच्या नावावर लागलं. मी विचारते, कागद आहे का? तुझ्याकडे आहे का? नाही. मग गप्प राहा.

मी म्हटलं, मी आहे ना पुरावा.

"लोक काय म्हणतील कळतं का तुले? लेकरायच्या तोंडातलं काढून दुर्गाबाईनं आपल्या पोरीले तलाठी केलं. मी परीक्षा दिली, आई. चार वेळा दिली."

दिली. मी पाहिलं आहे. चारही वेळा कपाळावर ओलं फडकं बांधून बसली होती. तिचं काही चोरीचं नाही. तिला तिच्या हक्काचंच मिळालं. हक्काचं मिळालं तर लेकरू काय होऊ शकतं, ते गावात फक्त तिच्याकडे पाहून कळतं. हेच सांगायचं होतं तिला. फोन ठेवून दिला तिनं.

२० एप्रिल, रविवार

जयंतीची धामधूम संपली, पाहुणे गेले. आज मैनाबाईच्या ओसरीवर गेले. आत बोलावतील असं वाटलं नव्हतं, बोलावलंही नाही. खुशालराव खाटेवर पडून, त्यांना ऐकू येत नाही. आकांक्षा पोरीला भाताची पेज भरवत होती.

उभ्यानंच सांगितलं. झोळी, शून्य, सातशे ग्रॅम, दुप्पट सुकडी, न आलेला डॉक्टर. तुमच्या सुनेला मार बसू नये म्हणून केलं, तेही सांगितलं.

मैनाबाई पंच्याऐंशीची आहे. आवाज अजून तसाच. हळू बोलली, तेच जास्त लागलं.

"आमी तुह्या हातचं खाल्लं नाई, म्हून तू आमच्या पोरीचं डोकं खाल्लं. हिशोब पुरा केला तू, दुर्गे."

मी म्हटलं, मैनाबाई, मी मायेनं केलं. ती म्हणाली, माया तं तुह्या घरी हाय. तलाठीन.

आकांक्षाचा चमचा तसाच हातात. इतका वेळ तिला काही कळलं नाही असं मला वाटलं होतं. पोर पेजेसाठी तोंड उघडून बसलेली. मग ती म्हणाली,

"आजी, म्हंजे मी ढ नव्हती?"

दोघींपैकी कोणत्या आजीला विचारलं, कोण जाणे.

"मी उपाशी होती का मंग? मास्तर मले रोज मारत होता. मी म्हणत होती मार, माह्यं डोकंच नाई. त्यानं बी मारलं. मी त्याले बी हेच सांगत होती." त्यानं म्हणजे नवऱ्यानं.

मग तिनं चमचा पोरीच्या तोंडात घातला. परत भरला, परत घातला. पोरीला ठसका लागला तरी थांबेना. मी पुढे होऊन हात धरला, तर मैनाबाई ओरडली, शिवू नको.

२१ एप्रिल

मायेनं केलं, असं काल म्हटलं. वहीत तरी पूर्ण लिहावं.

एकदा उन्हाळ्यात त्यांच्या दारात पाणी मागितलं होतं. वजनाला नेण्यासाठी आकांक्षाला मीच घ्यायला गेले होते. मैनाबाईनं वरून, लांबून, ओंजळीत पाणी ओतलं. थोडं ओंजळीत, बाकी लुगड्यावर. बाया पाहत होत्या. त्या घरच्यांना माझ्या हातची खिचडी नको होती, माझ्या हातचं वजन मात्र चालत होतं. त्या दिवशी मी सातशेच्या जागी नऊशे वाढवले का? आठवत नाही.

आठवत नाही, हे खोटं आहे. नऊशेच वाढवले. आणि ठळक अक्षरात लिहिले. लेकरू झोळीतून माझ्याकडे पाहून हसत होतं.

२३ एप्रिल, बुधवार

गाव बोलून राहिलं. कुंदन समोरून आला आणि रस्ता बदलला. धम्मदीप म्हणतो, जिनिंगमध्ये त्याला विचारतात, तुह्या घरी सुकडी उरली का रे? दीपमालानं मला जेवायला वाढलं, पण नेहमीसारखं अजून घ्या म्हणाली नाही.

वर्षालीला पत्र लिहिलं. तिला फोनवर अर्धवट सांगितलं होतं, ती म्हणाली वरिष्ठांना लेखी लागेल. नक्कल इथं ठेवते —

"वर्षालीबाई, तुमची, तुमच्या घरच्यांची तब्येत बरी असेल. पायाचे फोड बसले असतील. माझं सांगणं असं की रजिस्टरातली सव्वीस वजनं मी वाढवून लिहिली आहेत, तीनशेपासून नऊशे ग्रॅमपर्यंत. सेविकेचा दोष नाही, अक्षर माझं आहे. नऊ लेकरं तिसऱ्या श्रेणीची होती, त्यांची नावं मागच्या पानावर आहेत. त्यांना दुप्पट आहार मिळाला नाही. माया दुर्गाबाईचं वजन खरं आहे, तिला मिळाला. आता पुन्हा ताडून पाहा. मग तुम्हाला दिसेल. एकीला खाऊ घातलं, ती कुठं गेली. नऊ जणांना घातलं नाही, ती कुठं राहिली. आमच्या गावात याच्याहून मोठा पुरावा नाही. मला काय शिक्षा करायची ती करा, पण अंडं-दूध बंद करू नका. आकांक्षाची पोर साडेअकरा महिन्यांची आहे, तिच्याजवळ वेळ नाही. उत्तर लवकर पाठवा."

तीनदा लिहिलं. अंगठ्याला शाई लागली ती लुगड्याला पुसली.

४ मे

उत्तर नाही.

९ मे

उत्तर नाही. मायाचाही फोन नाही.

१८ मे, रविवार

जुना लटकता काटा अंगणवाडीनं भंगारात टाकला होता, तो मी तेव्हाच उचलून आणला होता. आज माळ्यावरून काढला, पुसला, आढ्याला बांधला. झोळी धुतली. अजून चालतो.

दुपारी आकांक्षा आली. मैनाबाई झोपली की येते, मागच्या दारानं. बोलत नाही माझ्याशी. पोरीला माझ्या पुढ्यात बसवते आणि स्वतः पाठ करून बसते. मी सुकडी गूळ-तूप घालून कालवते, एक अंडं उकडते. भरवते. ती पाठमोरीच विचारते, खाल्लं का? मी म्हणते, खाल्लं. मग उठते आणि जाते.

शिवू नको असं तिनं अजून म्हटलं नाही.

१ जून

पोरगी आज माझं बोट धरून उभी राहिली. तीन-चार श्वासांपुरती. आकांक्षाला सांगितलं. ती वळली नाही, पण जाताना माझी पाण्याची घागर भरून ठेवून गेली.

१२ जून, गुरुवार

उत्तर आलं. टाइप केलेलं, खाली वर्षालीची सही. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आहेत. सव्वीस नोंदींवर सेविकेची सही आणि शिक्का आहे, म्हणून त्या बदलता येत नाहीत. मायाची नोंद मात्र लिहिणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मुलीची, म्हणून शंकेची धरून काढून टाकली. आता गावाचे आकडे एकसारखे झाले. फायदा नाही, हेच कायम. अंडं-दूध दुसऱ्या तालुक्यात जाईल.

एवढ्या रजिस्टरात एक खरं होतं, तेवढं खोडलं.

आकांक्षाची पोर आज सहा किलो आठशे. झोळी वजा करून. दुसरं पत्र लिहायला घेतलं आहे — वर्षालीबाई, हे एक वजन तरी लिहून घ्या, आणि पत्र मिळालं म्हणून लवकर कळवा.